वाडीतला ग्राइंडर, चेनसॉ: शिकल्याशिवाय द्यायचा की नाही?

वाडीचा_सचिव (दापोली तालुका)

आमची वाडी समुद्राला लागून. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, पोफळी नि आंबे आडवे झाले, आणि रस्ता मोकळा करायला अख्ख्या वाडीत धड कुऱ्हाडी दोन. पुढे मुंबई मंडळाने वर्गणी काढून चेनसॉ घेतली. मग हळूहळू चकतीने कापायचा-घासायचा ग्राइंडर, ड्रिल, दोन ग्रासकटर. सगळं देवळामागच्या खोलीत. चावी माझ्याकडे. वहीत सही करायची नि न्यायचं.

यंदा चतुर्थीच्या आधी चुलतभाऊ मखराचा प्लाय कापायला ग्राइंडर घेऊन गेला. गार्ड, म्हणजे चकतीवरचं झाकण, काढून ठेवलेला, वर लाकूड कापायचं दातेरी पातं. पातं प्लायमध्ये अडकलं, ग्राइंडर उसळला, मांडीला नऊ टाके. आरत्या चालू असताना हा पडवीत पाय लांब करून झांजा वाजवत होता. काकी माझ्याशी अजून धड बोलत नाही. म्हणते, ‘सही घेतलीस, पण मशीन धरायचं कसं ते सांगितलंस का?’ नव्हतं सांगितलं.

म्हणून बैठकीत मांडलं की अर्धा दिवस शिकल्याशिवाय मशीन मिळणार नाही. अण्णा उसळले, ‘कोयती धरायला आमचं कुणी शिबिर घेतलं होतं?’ पोरं म्हणतात यूट्यूबवर सगळं आहे. खजिनदार म्हणाला, नियम केलात तर लोक बाजारातनं दीड-दोन हजारांचा ग्राइंडर आणतील, मग वहीही नाही नि तुम्हीही नाही. हे शेवटचं मला खोडता आलेलं नाही. तुमच्याकडे कसं करतात?

निवृत्त_निदेशक (रत्नागिरी)

आयटीआयमध्ये शिकवण्यात जन्म गेला. कोयतीचा मुद्दा दर बॅचला एक तरी काढायचाच. कोयती तुम्ही मारली तेवढीच चालते. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो, म्हणजे चकतीची कड ताशी २०० किलोमीटरने पळते. हात मागे घ्यायला वेळच नसतो.

१९४८ च्या कारखाने कायद्यात कलम २३ होतं. अठराच्या आतल्या मुलाला धोकादायक यंत्रावर ठेवायचं तर आधी धोके नीट समजावा, आणि मग एकतर पुरेसं शिकवा किंवा जाणकाराच्या नजरेखाली काम करू द्या. वाडीला तो कायदा लागू नाही, पण त्यातला ‘किंवा’ उचला. शिकायला वेळ नाही म्हणतो त्याने शिकलेला माणूस शेजारी उभा करावा.

यूट्यूबवर सहसा न सांगितलेल्या दोन गोष्टी. धातू कापायच्या चकतीच्या मधल्या कड्यावर मुदत छापलेली असते. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात ती चकती आतून कमकुवत होते, मुदत संपलेली तर फेकूनच द्या. दुसरं, लाईट जाते तेव्हा ग्राइंडरचं बटण लॉकमध्येच राहतं. माणूस चहाला जातो, लाईट येते, आणि ग्राइंडर एकटाच ओटीवर नाचतो. प्लग काढायची सवय हेच निम्मं ट्रेनिंग.

होडीवालो_सुतार (मालवण)

माझा म्हणणा मालवणीतच सांगतंय. अण्णांका ‘ट्रेनिंगाक येवा’ म्हटल्यात तर ते उठान जातले. तेंका शिकवूक बोलवा. वादळात पडलेला झाड गप पडलेला दिसता, पण आतसून धनुष्यासारख्या ताणलेला असता. खयच्या बाजून आधी कापूचा, बुंधो उसळान खय येतलो, ह्या जुन्या माणसाक बरोब्बर कळता. चेनसॉच्या टोकाचो वरचो भाग लाकडाक लागलो की ती तोंडार येता, ह्या पोरांका ठावक असता. दोघांका एकत्र बसवा. आणि चेनसॉ नुसती देव नकात, चालवणारो माणूस धाडा.

काजूबाग_गुहागर

मला ग्रासकटरचं सांगायचंय, कारण त्याला कोणी मशीनच समजत नाही. दिवाळीच्या सुमारास बागेत बेणणी, म्हणजे गवत-झुडपं काढणं, चालू होती. मी गड्यांना चहा घेऊन गेले. पात्याखालून जांभ्याचा खडा उडाला तो थेट माझ्या नडगीवर, आणि मी काही जवळ नव्हते, चांगली दहा पावलं लांब. नंतर पुस्तिका वाचली, तर १५ मीटरच्या आत कुणी यायचं नाही असं स्पष्ट छापलेलं! गडी तरबेज होता, जाळीचा चष्मा लावून होता. शिकायची गरज मला होती, चहावाल्या बाईला. तुमच्या त्या अर्ध्या दिवसाला बायका-पोरांनाही बसवा.

वाडीचा_सचिव

सगळ्यांचे आभार. रविवारी परत बसलो. ड्रिल पूर्वीसारखं सहीवर. ग्राइंडर अर्धा तास समोर चालवून दाखवल्यावर, आणि गार्डचे स्क्रू मी स्वतः आवळून देणार. ग्रासकटर द्यायचा तर बागेच्या वाटेवर आडवी दोरी बांधायची, हे काजूबागवाल्या ताईंमुळे. चेनसॉबरोबर आमच्यातले दोघे जातील, पेट्रोल नेणाऱ्याचं. अण्णा ‘शिकवायला’ यायला तयार झाले. वर म्हणाले, खुर्ची ठेवा.

खजिनदाराने मात्र परवा स्वतःचा ग्राइंडर आणला. काल सहज डोकावलो तर गार्ड अजून खोक्यातच, प्लॅस्टिकच्या पिशवीत. आता त्याच्या घरी पाना घेऊन जावं की नाही, यावर विचार करतोय. शेजारी आहे हो.