मदत हवी आहे: गणेशपट्टीवरचा दोन तोंडांचा पक्षी कोणता?

नमस्कार मंडळी,

फोंडा तालुक्यातल्या आमच्या मूळ घरी देवखोलीची चौकट वाळवीने पोखरली आहे. मेस्त (सुतार) फणसाची नवी चौकट करत आहेत. जुन्या गणेशपट्टीवर, म्हणजे चौकटीच्या वरच्या आडव्या पट्टीवर, गणपती नाही, पंख पसरलेला दोन तोंडांचा पक्षी आहे. माना, चोची, पिसं शाबूत आहेत, पंजे मात्र झडून गेलेत. "पंजांत काय घालू?" असं मेस्त विचारतात. मनाने काहीतरी कोरलं जावं असं मला अजिबात वाटत नाही, कारण हा पक्षी ओळखायचा तो पंजांवरूनच.

विष्णूचं वाहन गरुड हा नव्हे. तो एकाच तोंडाचा, बहुधा माणसाच्या देहाचा आणि हात जोडलेला असतो. उरतात दोन शक्यता.

पहिली गंडभेरुंड, म्हणजे दक्षिणेतल्या शिल्पांतला दोन तोंडांचा काल्पनिक पक्षी. विजयनगरच्या अच्युतरायाच्या (१५२९–४२) नाण्यांवर तो पंजांत हत्ती धरून आहे, कर्नाटकातल्या केळदीच्या रामेश्वर देवळाच्या छतावरही आहे. आमच्या भागावर सोंदेकरांचा, म्हणजे कर्नाटकातल्या सोंद्याच्या राजांचा अंमल होता. ते मूळचे विजयनगरचे मांडलिक, हैदरअलीच्या स्वारीनंतर आमच्या फोंडा तालुक्यातल्या बांदिवड्याला येऊन राहिले. म्हणजे गंडभेरुंड इथवर यायला वाट सरळ आहे.

दुसरी शक्यता ऑगस्टिनियन या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांची. ते १५७२ मध्ये गोव्यात आले. जुन्या गोव्यात मोंते सांतो टेकडीवर त्यांच्या चर्चचा मनोरा आजही उभा आहे. दोन तोंडांचा गरुड त्यांचंही चिन्ह होतं, आणि बाणाने विद्ध झालेलं हृदय तर त्यांची खूणच. हिंदूंच्या देवखोलीवर हे कसं येईल, असं कुणी विचारेल. पण चर्चची कामं हिंदू कारागीरही करत, ते थांबावं म्हणून बंदीसुद्धा घातली गेली होती. तिथे बसलेला हात इथे तसाच चालला असेल, तर मला नवल वाटणार नाही.

कोकणात किंवा गोव्यात घराच्या चौकटीवर असा पक्षी कुणी पाहिलाय का? पंजे नसताना ओळखायची आणखी काही खूण आहे का?

आगशीकर: आधी डोक्यांवर मुकुट आहे का ते बघा. युरोपात दोन तोंडांचा गरुड सम्राटाचा, त्यामुळे मुकुट बहुधा असतोच. १५८० ते १६४० पोर्तुगालवर स्पेनच्या राजांची सत्ता होती, म्हणून लोक लगेच त्या राजांचं नाव घेतात. पण हे राजे सम्राट नव्हते, सम्राटपद त्यांच्या हॅब्सबर्ग घराण्याच्या दुसऱ्या शाखेकडे होतं. तुम्ही पाद्र्यांचा धागा धरलाय तो जास्त बरोबर वाटतो.

रानवाट: एकावरून दुसरा निघाला असं धरून चालू नका. तक्षशिलेजवळ सिरकपच्या स्तूपावर दोन तोंडांचा गरुड आहे, तो इसवी सनाच्या सुरुवातीच्या काळातला. तुर्कस्तानात आलाजा ह्योयुकला प्राचीन हित्ती लोकांनी त्याच्याही हजाराहून जास्त वर्षं आधी कोरलाय. शिवाय गंडभेरुंड प्रत्येक वेळी पक्षीच असतो असंही नाही. कर्नाटकातल्या बळ्ळिगावेच्या १०४७ च्या खांबावर त्याला माणसाचं धड आहे.

आणि कळकळीची विनंती, नवे पंजे कोरूच नका. जुनी पट्टी आहे तशी नव्या चौकटीत बसवता येते. मेस्तांना तेवढंच सांगा.

धागाकर्ता: दोघांचेही मनापासून आभार. मुकुट नाही, तुटल्याची खूणही दिसत नाही. डाव्या पंजाच्या जागेखाली एक वळलेला उठाव शिल्लक आहे. तो सोंडेचा असावा असं फार वाटतंय, पण काजळीचा थर जाड आहे. रानवाट यांचं ऐकून मेस्तांना थांबवलंय, पट्टी जुनीच बसणार. आता एवढंच सांगा: काजळीखाली लाल रंग दिसतोय, तो न जाता ती कशी काढावी? आणि वाळवीचं औषध त्या रंगावर चालेल का?