आयर्लंडमधल्या जुन्या दफनभूमी: तुम्ही काय ऐकलंत?

आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत राहिलेल्या मंडळींनो, तिथल्या जुन्या दफनभूमींबद्दल शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून, सासरच्या माणसांकडून जे कानावर आलं ते इथे लिहा. भुतंच हवीत असं नाही. १९३७ ते १९३९ मध्ये तिथल्या शाळकरी मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून अशा गोष्टी वह्यांत उतरवून घेतल्या होत्या, त्या आता आंतरजालावर वाचायला मिळतात.

सुरुवात मी करते. मेयो परगण्यात आमच्या घरमालकीणबाई सांगायच्या, सगळ्यात शेवटी पुरलेल्याला पुढचं प्रेत येईपर्यंत राखण करावी लागते. त्यामुळे एकाच दिवशी दोन अंत्ययात्रा आल्या की आपलं माणूस आधी आत न्यायला झुंबड उडायची, प्रसंगी हाणामारीही.

आणि ही इतरांनी लिहून पाठवलेली उत्तरं, परगण्यांच्या नावांनी :

क्लेअर : वाटेत अंत्ययात्रा भेटली तर निदान तीन पावलं सोबत चालायचं. मी बाजूला उभी राहिले तर सोबतच्या नर्सने कोपराला धरून चालवलंच.

गॉलवे : आमच्या सासरच्या शेताच्या बांधाला किलीन आहे. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांना चर्चच्या पवित्र जमिनीत जागा नसे, त्यांना इथे पुरत. अंधार पडल्यावर बाप किंवा काका छोटी पेटी काखेत घेऊन निघायचा. आई बहुतेक घरीच. नाव नाही, तारीख नाही, नुसते बिनघडीचे दगड. काही पांढऱ्या गारगोटीचे. सासरे तिथे कधी नांगर घालत नाहीत, गुरंही वळवून नेतात. तान्ही बाळं आपल्याकडेही पुरतात, पण धर्माबाहेरची म्हणून नव्हे. ज्या आयांना मूल कुठे ठेवलं हेही कुणी सांगितलं नाही, त्यांचा विचार आला की मला आजही संताप येतो.

फर्मॅना : बोहो गावच्या चर्चच्या आवारातली माती औषधी मानतात. १८१५ मध्ये वारलेले फादर मॅकगिर म्हणे सांगून गेले, जिवंतपणी मी जे बरं करत होतो ते माझ्यावरची माती करेल. चिमूटभर माती फडक्यात बांधून उशीखाली ठेवायची आणि चार दिवसांच्या आत परत नेऊन टाकायची. मी सूक्ष्मजीवशास्त्रातला, म्हणून यात फार रस. २०१८ मध्ये स्वानसी विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच मातीतून स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूचा नवा वाण वेगळा केला. प्रयोगशाळेत तो प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंनाही रोखतो. माणसावरचं औषध मात्र अजून झालेलं नाही, कृपया कुणी माती जखमेला लावू नका.

कॉर्क : स्किबरीनजवळ १८४५ नंतरच्या दुष्काळातले हजारो लोक सामूहिक खड्ड्यांत पुरलेत. भूकबळी जिथे पडला तिथल्या गवतावर पाय पडला तर माणूस भुकेने कोसळतो, म्हणून जुनी माणसं खिशात पावाचा तुकडा ठेवत. डोनेगलकडे कुणी हे ऐकलंय का?