सिल्व्हर प्रायमर मारणारे आळशी? हे ऐकून घेणार नाही

पोलादी_पायदळ: युद्धखेळाच्या छोट्या फिगर रंगवताना प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, चंदेरी मारावा की काळा, यावर काल इथे धुरकट यांनी लिहिलं की "चंदेरी स्प्रे मारून वर वॉश ओतला म्हणजे आर्मी रंगवली असं होत नाही, काळ्यावर ब्रशने मेटॅलिक चढवायची तयारी नसेल तर छंद सोडा." रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं म्हणून लिहितोय. माझे ४० सरदार आहेत, डोक्यापासून पायापर्यंत पत्रा. पहिले दहा मी काळ्यावर ब्रशनेच केले, प्रत्येकाला दोन हात, आणि मेटॅलिकमधली चमकी ब्रशच्या दिशेने रेघा धरते ते सपाट छातीच्या पत्र्यावर लांबूनही दिसतं. उरलेले तीस लेडबेल्चर नावाच्या गडद चंदेरी स्प्रेने केले. थर एकसारखा बसला, वर न्यूल्न ऑइल हा काळा वॉश, म्हणजे खोबणीत उतरणारा पातळ रंग, मग कडांना उजळ चंदेरीचा ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश घासायचा. लेडबेल्चर डबीतही मिळतो, त्यामुळे कुठे चुकलं तर तिथेच ब्रशने दुरुस्त करता येतं. वाचलेला वेळ मी ढालींवरच्या चिन्हांवर घातला. ह्यात आळस कुठे आला?

धुरकट: तुमचे सरदार म्हणजे पत्र्याचे डबेच, तिथे चालेल. पण नवीन पोरं हे वाचून भालाईत, तिरंदाज, सगळ्यांवर चंदेरी मारतात. चेहरा, कापड, कातड्याचे पट्टे, सगळीकडे खालून चमक येते, लाल आणि पिवळ्याला तर तीन-तीन थर लागतात. त्या गुळगुळीत थरावर पातळ रंग टिकत नाही, थेंब धरून खोबणीत पळतो. शिवाय सगळंच चमकत असल्यावर बारीक काम डोळ्याला दिसतच नाही. मी स्वतः एकदा वीस फिगर चंदेरीने प्राइम केल्या, हाताला पॉलिश पेपरसारख्या लागत होत्या, सगळ्या धुवाव्या लागल्या. तेव्हापासून नाव काढलं नाही.

ओलाब्रश: दादा, पॉलिश पेपर झाला तो चंदेरीमुळे नाही हो! लांबून मारलं की रंग हवेतच सुकतो आणि पावडर होऊन बसतो, दमट हवेतही थर बिघडतो, काळ्या कॅनचंही तेच होतं. २०-२५ सेंमी अंतर ठेवा, फवारा फिगरच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा, एका जागी धरून ठेवू नका. आतली गोळी वाजायला लागली की तिथून पुढे दोन मिनिटं हलवा, मेटॅलिकची चमकी तळाशी बसते ना. आणि बऱ्याच जणांचा घोळ वेगळाच असतो, साधा चंदेरी स्प्रे पेंट आणतात आणि त्यालाच प्रायमर म्हणतात. पकड नसली की कोपरे घासून प्लास्टिक दिसायला लागतं. रेझिनच्या फिगर साबणाच्या पाण्याने न धुता मारलं तरी तेच.

गंजलेली_कडी: तुम्ही सगळे मूळ मुद्दाच सोडून बोलताय. चिलखत असं चमकायचंच नाही! मोहिमेवरचा शिपाई चिखलात झोपणार, त्याची कड्यांची साखळी आरशासारखी कशी राहील? इंग्लंडमधल्या कॉर्ब्रिजला १९६४ साली जी लाकडी पेटी सापडली तिच्यातले लोरिका सेग्मेंटाटाचे, म्हणजे रोमन शिपायांच्या लोखंडी पट्ट्यांच्या चिलखताचे, तुकडे बघा, गंजच गंज.

पोलादी_पायदळ: अहो, अठराशे वर्षं जमिनीत पुरलेलं लोखंड गंजणार नाही तर काय होणार? हा काय पुरावा झाला? साखळी चिलखत साफ करायला वाळूबरोबर पिंपात घालून घोळवायचे. पंधराव्या शतकातल्या उघड्या, घासून लखलखीत केलेल्या पोलादाला तर "पांढरं चिलखत" असंच म्हणायचे. चमकायचं म्हणूनच ते नाव.

गंजलेली_कडी: ते श्रीमंत सरदारांचं झालं. जर्मन पायदळाची सोळाव्या शतकातली काळी-पांढरी चिलखतं बघितलीत का कधी? हातोड्याचे घाव तसेच ठेवून वर काळा रंग द्यायचे, फक्त पट्ट्या आणि कडा घासलेल्या. तुमच्या चंदेरी कॅनने ते करून दाखवा.

पोलादी_पायदळ: ते काळ्यावरच करणार, कोण नाही म्हणतंय? दर वेळी माझ्या तोंडी नसलेलं वाक्य घालून भांडू नका.

ओलाब्रश: जरा शांत व्हा दोघंही. २८ मिमीच्या फिगरवर ऐतिहासिक चमक तशीच्या तशी उतरवली तर टेबलावर खेळणं दिसतं, म्हणून तर वॉशने मारायची ती.

तिसरा_थर: वॉश राहू द्या, शेवटी मॅट वार्निश मारून सगळी धातूची चमक घालवणाऱ्यांबद्दल कोणीच का बोलत नाही? दोन महिने खपून केलेलं माझं युनिट एका फवाऱ्यात राखाडी झालं. आता सगळ्यावर ग्लॉस, आणि मॅट फक्त कापड-कातड्याला, ब्रशने. आणि मेटॅलिकचा ब्रश धुतलेल्या पाण्यातच चेहऱ्याचा ब्रश बुडवू नका, गालावर चमकी येते आणि मग दोष प्रायमरला देतात. पाण्याचे दोन वेगळे मग ठेवा.

धुरकट: दोन मगांचं बरोबर आहे. पण चमकी खालून येते ह्याचं उत्तर कोणी दिलं नाही अजून.

पोलादी_पायदळ: चेहरा, कापड, पट्टे, जे जे धातूचं नाही ते मी वॉशच्या आधी मॅट गडद तपकिरीने झाकून घेतो. त्यावर रंग पळत नाही आणि कुठे काय आहे तेही दिसतं. एका फिगरला पाच मिनिटं. निम्म्याहून जास्त अंग कापडाचं असेल तर मीही चंदेरी वापरत नाही, तिथे तुमचा काळाच बरा.

धुरकट: हे आधीच लिहिलं असतं तर एवढं वाढलंच नसतं. ठीक आहे, पूर्ण पत्र्यातले असतील तर चंदेरी, आळशी शब्द मागे घेतो, पण तेवढ्यापुरताच. तुमच्या ४० सरदारांचे घोडे मात्र चंदेरीवर केले नसतील अशी आशा आहे.

पोलादी_पायदळ: घोडे वेगळे, काळ्या प्रायमरवर. स्वार रंगवून झाल्यावर मग चिकटवतो.