प्रति: ऑनेस्ट कंपनीच्या वाढीविषयी

बाळांसाठीच्या आणि घरगुती वापराच्या वस्तू विकणारी ही अमेरिकन कंपनी केवळ तिच्या सहसंस्थापक, अभिनेत्री जेसिका अल्बा यांच्या प्रसिद्धीवर वाढली, हे मत मला अपुरे वाटते. २०१२ मध्ये विक्री सुरू करताना कंपनीने डायपर आणि वाइप्सचा संच दरमहा घरपोच देण्याची योजना ठेवली. तान्ह्या बाळाच्या घरी डायपर सतत लागतातच, त्यामुळे ग्राहक टिकला आणि त्यालाच पुढे साबण, डिटर्जंटही विकता आले. खरी कसोटी २०१६ मध्ये लागली, जेव्हा ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या अमेरिकन वृत्तपत्राने करवून घेतलेल्या चाचण्यांत, आपण टाळतो असे कंपनी सांगत असलेले सोडियम लॉरिल सल्फेट हे फेस आणणारे रसायन तिच्याच डिटर्जंटमध्ये आढळले. कंपनीने तो निष्कर्ष फेटाळला, तरी पुढे मिश्रण बदलले (हे बोलके आहे). २०२१ मध्ये शेअर बाजारात उतरताना कंपनीने १६ डॉलरला विकलेला शेअर वर्षभरात निम्म्याहूनही खाली घसरला.