दहावी-बारावीचं वेळापत्रक: भिंतीवर लावलेलं आणि खरंच पाळलेलं

औसा, दहावीतल्या मुलीची आई

लेकीनं दिवाळीच्या सुट्टीत चार रंगांच्या स्केचपेननं वेळापत्रक केलं. पहाटे 4 ला उठणं, सव्वाचारला बीजगणित, आणि असं रात्री 11 पर्यंत. जेवायला वीस मिनिटं. तिसऱ्या दिवशी बीजगणित संपेना म्हणून भूमिती सरकली, भूमितीमुळं विज्ञान सरकलं, आणि आठवड्यानंतर कागद नुसता भिंतीची शोभा. आता दुसरं केलंय. त्यात येळवशीच्या, म्हणजे सगळ्यांनी शेतात जाऊन जेवायच्या वेळा अमावस्येच्या दिवशीही सहा तास अभ्यास मांडलाय. सासूबाईंनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि तेव्हापासून घरात कुणाशी धड बोलेनात. तुमचं कसं झालं होतं ते लिहा. काय करावं ते नको, काय केलं होतं ते सांगा.

परभणीजवळचं खेडं, दहावी 1998

आमचं वेळापत्रक लाईट ठरवायची. थ्रीफेज, म्हणजे विहिरीवरची मोटार चालायची लाईट, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात गव्हाला पाणी द्यायला वडील आणि मी. एक वाफा भरायला दहा-बारा मिनिटं लागायची, तेवढ्यात एक सनावळी नाहीतर एक प्रमेय. पुस्तक भिजू नये म्हणून सगळं चिठ्ठ्यांवर उतरवून शर्टाच्या खिशात ठेवायचो. झालं असं की बारीकसारीक सगळं तोंडपाठ झालं आणि मोठी उत्तरं तशीच राहिली. भूमिती चांगली गेली, मराठीच्या निबंधात आपटलो. दिवसा लाईट असायची त्या आठवड्यांत रात्री घरी बसून निबंध लिहिता आले असते, पण हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. एकदा सूत्र म्हणता म्हणता वाफा फुटला आणि पाणी शेजाऱ्याच्या हरभऱ्यात गेलं. वडील काय बोलले ते इथं लिहीत नाही.

बीड जिल्हा, दहावी 2011

दिवाळी झाली की आई-बाबा कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर जायचे. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे घेतलेले, त्यामुळं माझ्या दहावीपायी थांबणं शक्य नव्हतं. घरी मी, सहावीतला भाऊ आणि आज्जी. पाणी, भाकरी, भावाचा डबा, दोन शेळ्या. सलग दोन तास माझ्या हाती कधीच लागायचे नाहीत, म्हणून मी तास मांडलेच नाहीत, धडे मांडले. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला सगळ्या विषयांचे धडे लिहिले. वाचून झाला की एक टिंब, न बघता लिहून काढला की दुसरं. आज्जीला अक्षर येत नव्हतं, पण टिंबं मोजता येत होती. रोज संध्याकाळी ती मोकळ्या जागेवर बोट ठेवून विचारायची, "ह्याला कामून काहीच नाही?" खोटं टिंब दिलं तर पकडायची, कारण चुलीपाशी बसून धडा तिला सांगावा लागायचा. इतिहास तिला आवडायचा. भूगोल सुरू केला की म्हणायची, राहू दे, ते तुझं तू बघ.

बाबांचा दर रविवारी मुकादमाच्या मोबाईलवरून फोन यायचा आणि प्रश्न एकच, "किती राहिले?" मी आकडा सांगायचे. टोळीतल्या काकवांनाही तो आकडा ठाऊक असायचा, हे मला उन्हाळ्यात त्या सगळ्या गावी परतल्यावर कळलं.

लातूर, बारावी 2014

लातूर पॅटर्न म्हणजे काय, असं बाहेरचे फार विचारतात. आमच्यापुरतं तरी गुपित काही नव्हतं. पेपर, परत पेपर, आणखी एक पेपर. रविवारी लिहायचा, सोमवारी तपासून हातात. मग दोन दिवस फक्त त्यातल्या चुका, वेगळ्या वहीत. पुढं काय वाचायचं ते वहीच सांगायची. मात्र खोलीतल्या तिघांनी मिळून एकच वेळापत्रक केलं ही घोडचूक. एकाला पहाटे जाग यायची, दुसरा रात्रीचा राजा, आणि मला मेसचं जेवण झालं की गाढ झोप. रेक्टर दार वाजवून विचारायचे, "अभ्यास करायलास का झोपायलास?"

लातूर शहर, दहावी 2016

त्या वर्षी टँकर कधी येईल याचा नेम नसायचा. आला की पुस्तक टाकून घागरी. शेवटी शेजारच्या काकू आमच्याही घागरी भरू लागल्या आणि त्यांच्या मुलाला आठवीचं गणित मी शिकवायचं ठरलं. पाण्याची रेल्वे मिरजेहून एप्रिलमध्ये आली. तोवर आमचे पेपर संपले होते.

हिंगोली जिल्हा, गणिताचे शिक्षक

लेकरं एका रकान्यात "गणित" लिहितात. पेपर दोन आहेत, प्रत्येकी 40 गुणांचे, दोन-दोन तासांचे. विज्ञानाचंही तसंच. मराठीला मात्र 80 गुण आणि तीन तास. म्हणून मी रकाने विषयाचे नाही, पेपरचे पाडायला लावतो. मंडळाच्या तारखा आल्या की कोणत्या पेपरच्या आधी सुट्टी नाही ते आधी बघायचं. तो पेपर जानेवारीतच पक्का झाला पाहिजे. आधी दहावी म्हणजे मार्च असायचा, 2025 ला ती 21 फेब्रुवारीलाच सुरू झाली. माझ्या वर्गातल्या निम्म्या लेकरांनी शेवटच्या आठवड्यात "सगळ्याची उजळणी" लिहिलं होतं. तो आठवडाच गेला.

आणि ताई, ते पहाटे 4 चं जरा बघा. पेपर 11 ला असतो. रात्रभर जागून आलेली हुशार लेकरं 11 ला पेंगताना मी पर्यवेक्षण करताना पाहिलीत. 2023 पासून शेवटी दहा मिनिटं जास्त मिळतात, ती अर्धीअधिक पुरवण्या बांधण्यात जातात. असो.

जालना, दहावी 2009

मार्चला बीजगणितात गेलो, ऑक्टोबरला परत बसलो. वेळापत्रकात एकच ओळ होती: रोज पाच गणितं. कंटाळा आला तर तीन. तीनचेच दिवस जास्त. 42 पडले.

उदगीरचा, सध्या पुण्यात

आमच्या घरी दहावीच्या येळवशीला मी पुस्तक घेऊन शेतातल्या कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात बसलो होतो. सगळे भज्जी आणि आंबील घेऊन बांधावर, मी आत रासायनिक अभिक्रिया वाचतोय. कडब्यातून सगळं ऐकू येत होतं. त्या दिवशी एक पान झालं, तेही दुसऱ्या दिवशी परत वाचलं.

औसा, परत मीच

सगळं लेकीला वाचून दाखवलं. टिंबांची युक्ती तिनं लगेच उचलली, गणिताचे दोन रकाने केले. पहाटे 4 खोडून साडेपाच लिहिलंय. त्यातही अर्धा तास इकडं-तिकडं होणार, हे मी धरूनच चाललेय. येळवशीच्या चौकटीत आता "शेत" एवढंच आहे. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, "संध्याकाळी दोन प्रमेयं". सासूबाईंना मी वरचंच वाचून दाखवलंय.