स्टुडिओत पहिल्यांदा गाणी रेकॉर्ड केलीत तेव्हा काय काय झालं? बँडवाल्यांनो, लिहा

काल जुनी हार्ड डिस्क रिकामी करत बसले होते तर त्यात 'रफ मिक्स फायनल फायनल २' नावाची फाईल निघाली. आमच्या बँडचं पहिलं स्टुडिओ रेकॉर्डिंग. लावली आणि सगळं आठवलं, म्हणून हा धागा.

प्रॅक्टिसला आम्ही सगळे एकदम वाजवायचो आणि स्वतःला जाम भारी समजायचो. स्टुडिओत तासाभरात कळलं की आपण आजवर एकमेकांच्या आवाजाआड लपून वाजवत होतो. इंजिनिअरने बाकी सगळं म्यूट करून नुसता बेस आणि किक (ड्रमरचा पायाने वाजवायचा मोठा ड्रम) लावली आणि खोलीतले सगळे एकदम आपापले बूट बघायला लागले.

क्लिक ट्रॅक, म्हणजे लय धरायला हेडफोनमध्ये वाजणारी टिकटिक, हा तर वेगळाच विषय. १०४ बीपीएमला (मिनिटाला १०४ ठोके) सुरू झालेलं गाणं आमच्याकडे ११० ला संपायचं, लाईव्हला त्याला लोक एनर्जी म्हणायचे, इथे ते उघडं पडलं. ड्रमरचं म्हणणं की क्लिकच मध्येच स्लो होतो. अजूनही ठाम आहे तो 😂

मी गाणारी, त्यामुळे माझा नंबर सगळ्यात शेवटी. दिवसभर ड्रमचा साउंड लावणं चाललेलं, 'नुसती किक दे, आता स्नेअर, परत दे', आणि आम्ही सोफ्यावर बसून नुसत्या गप्पा. माईकसमोर उभी राहिले तोवर गळा बसलेला. तुमचं काय झालं ते सांगा.

अर्धासूर
हेडफोनमधला स्वतःचा आवाज!! एरवी आपण आपला आवाज निम्मा कवटीच्या हाडांतून ऐकतो, तिथे कंडेन्सर माईक तो जसा आहे तसा कानात ओततो, श्वास, थुंकी गिळल्याचा आवाज सगळं. पहिल्या दिवशी मला वाटलं हे दुसरंच कोणीतरी गातंय.
एक कान उघडा ठेवून गा, सूर सापडतो. फक्त उघड्या बाजूचा हेडफोन डोक्याला दाबून ठेवा नाहीतर क्लिक माईकमध्ये शिरतो आणि नेमका हळू ओळीत टिक टिक ऐकू येतो.

ताल_बेताल
ड्रमरची बाजू कोणी घेणारे का इथे? सोफ्यावर बसलेल्यांना काय जातंय बोलायला. किक, स्नेअर, टॉम, हायहॅट, वर दोन ओव्हरहेड, एवढे माईक एका वाद्याला. स्नेअरपासून दोन्ही ओव्हरहेडचं अंतर वायर धरून मोजलं होतं आमच्या इंजिनिअरने, सारखं नसेल तर फेजमुळे (एकच आवाज दोन माईकांत मागेपुढे पोचून एकमेकाला खातो) स्नेअर पोकळ वाटतो आणि एका बाजूला सरकतो. वेळ लागणारच.
आणि क्लिकबद्दल: कधी कधी खरंच स्लो होतो 🙏

खर्जातली
मी बेस. मी बहुधा जगातली एकमेव वाद्यवाली जिला बूथ (आवाजबंद छोटी खोली) मिळाला नाही 😅 डीआय बॉक्समध्ये (माईकशिवाय वाद्य थेट जोडायचा डबा) केबल खोचली आणि कंट्रोल रूममध्ये इंजिनिअरच्या शेजारी खुर्ची, बस वाजव. पण मज्जा आली कारण खरे स्पीकर समोर. आणि तिथेच शोध लागला की आमचा गिटारवाला कोरसला दुसराच कॉर्ड वाजवतो आणि हे तो पहिल्यापासून करतोय. भांडण झालं. शेवटी त्याचाच कॉर्ड ठेवला कारण चांगला वाटत होता, हे त्याला सांगू नका

केबलवाला
मी काचेच्या पलीकडचा माणूस. सगळ्या बँडना एक विनंती, माईक चालू असतो. टेक संपल्यावर तुम्ही माझ्याबद्दल जे बोलता ते मला ऐकू येतं.
'मिक्समध्ये नीट होईल ना' हे वाक्य दर दिवशी. सूर थोडाफार ओढता येतो, पण कंटाळून वाजवलेलं कशानेही नीट होत नाही.
आणि गाणारे म्हणतात माझा आवाज मागून येतोय, तो भास नसतो. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८ हजार सॅम्पल) बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी घेतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पल असेल तर उशीर जेमतेम पावणेतीन मिलिसेकंद, १०२४ वर राहिला तर एकवीसच्या वर, आणि हे नुसतं एका बाजूचं. रेकॉर्ड करताना बफर खाली, मिक्स करताना वर. हे विसरणारेही आमच्यातच आहेत.

खर्जातली
@केबलवाला 'गिटार थोडी वर' म्हटल्यावर तुम्ही लोक खरंच वर करता का?

केबलवाला
एक फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) ठेवलाय, कशालाच जोडलेला नाही. तो वर करतो. सगळे म्हणतात हां आत्ता बरोबर.

ताल_बेताल
😂😂😂 हे वाचून माझा विश्वास उडालाय

वाचनमात्र
मी काहीच वाजवत नाही, नवरा वाजवतो. मी गेले होते सोबत. तेच चार सेकंद दिवसभर ऐकले. बूथमध्ये गेलं की कान दडपल्यासारखे होतात, टाळी वाजवली तर जागीच मरते. बाकी सोफा छान होता. बाळ उठलं, नंतर लिहिते

जुनी_टेप
तुम्हाला अनडू आहे, आमच्या वेळी नव्हतं. दोन इंची टेप, २४ ट्रॅक, सेकंदाला ३० इंच धावली की एक रीळ साधारण १६ मिनिटांत संपायचं. पंच-इन म्हणजे आधीचं खरोखर पुसून त्यावर नवं. बटण दाबणाऱ्याचा हात जरा उशिरा उठला की पुढची चांगली ओळ गेली, त्यामुळे सगळे घाबरून नीट वाजवायचे. बीटल्सनी ११ फेब्रुवारी १९६३ ला एका दिवसात दहा गाणी केली आणि गळा फाडणारं गाणं मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण त्यानंतर लेननचा आवाज उरणार नव्हता. तेव्हा गाणाऱ्याचा नंबर शेवटी लागला तर रडू नये 😉

शाईपुडी
आमच्या बँडमध्ये तबला आणि पेटी. एसीचा आवाज माईकमध्ये येतो म्हणून टेकला बंद, टेक झाला की चालू. कोरड्या हवेत तबला चढतो, बंद खोलीत माणसांच्या श्वासाने दमट झालं की उतरतो, मी हातोडी खाली ठेवलीच नाही. त्यात पेटी ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या सुराला नव्हती, आणि पेटीला कान पिळता येत नाहीत, म्हणून शेवटी कीबोर्ड पेटीला लावून घेतला. ट्यूनर ॲप दाखवणाऱ्याला बाहेर पाठवलं.

अर्धासूर
धागाकर्ती, ती फाईल ऐकवा की

धागाकर्ती
अजिबात नाही. 'फायनल फायनल ३' पण आहे, तीही नाही.

नवा_गडी
सॉरी थोडं अवांतर, पुढच्या आठवड्यात आमचं पहिलं रेकॉर्डिंग आहे. गिटारच्या तारा त्याच दिवशी सकाळी बदलू का? आणि गाणं मोठ्या आवाजात मास्टर करून मागायचं असतं ना?

केबलवाला
तारा एक-दोन दिवस आधी बदल, हाताने ताणून घे, थोडं वाजव. सकाळी बदललीस तर दिवसभर ट्यूनिंगच करत बसशील. मोठ्या आवाजाच्या मागे लागू नकोस, स्पॉटिफाय वगैरे तसंही गाणं साधारण उणे १४ लफ्सला (आवाजाची पातळी मोजायचं एकक) आणतात, तुझं ओरडणारं असेल तर ते खाली ओढतात, शिवाय मोठं करताना दाबलेलं गाणं दबलेलं राहतं ते राहतंच.

नवा_गडी
धन्यवाद दादा. आणि आमच्या ड्रमरचं किक पेडल करकरतं, ते चालेल का?

ताल_बेताल
आजच तेल घाल. स्टुलालाही.