गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशयंही काढावीत का?

प्रश्न:
वय ४८, पाळी चालू आहे. डाव्या अंडाशयावर ६ सेंमीची गाठ, आत पडदे. रक्तात सीए-१२५ (कॅन्सरच्या संशयात तपासतात ते) आलंय ८२. मावशी अंडाशयाच्या कॅन्सरने गेली, म्हणून डॉक्टर म्हणतात सगळंच काढू. रिपोर्ट उशीखाली ठेवून झोपते (झोप कसली!). घाई तर होत नाहीये ना?

उत्तर:
ताई, नुसत्या सीए-१२५वर जाऊ नका. एंडोमेट्रिओसिसमध्ये, फायब्रॉइडमध्ये, अगदी पाळीतही ते वाढतं. माझं ११० होतं, गाठ साधी निघाली. पण तुमच्या गाठीत पडदे आहेत, तेव्हा कॅन्सरच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनाच दाखवा. फ्रोझन सेक्शन करणार का विचारा. ऑपरेशन चालू असतानाच गाठ तपासतात, किती काढायचं ते त्यावर ठरतं.

उत्तर:
मावशी असो वा आत्या, बीआरसीए तपासणीचं (घराण्यातून येणाऱ्या कॅन्सरच्या जनुकांची तपासणी) विचाराच. आणि नुसतं गर्भाशय काढून अंडाशयाचा धोका टळत नाही. अंडाशयाचे म्हणतात ते बरेच कॅन्सर मुळात गर्भनलिकांत सुरू होतात.

उत्तर:
माझं सगळंच काढलं, वय ४६. मेनोपॉज हळूहळू येतो म्हणतात; मला चौथ्या पहाटे गाऊन पिळून काढण्याइतका घाम. हार्मोनच्या गोळ्यांचं आधीच बोलून घ्या, सगळ्यांना चालत नाहीत. खोकताना पोटावर उशी दाबून धरायची. सहा आठवडे जड काही नाही. मी शहाणी, तिसऱ्या आठवड्यात ओल्या चादरींची बादली उचलली. रक्तस्राव, परत दवाखाना, नवऱ्याची बोलणी वेगळी.

प्रश्नकर्ती:
फ्रोझन सेक्शन वहीत लिहून घेतलं. बादली आमच्याकडे आजपासून मुलगा उचलतोय.